लाल मक्याच्या गावात आक्काची डॉक्टरकी

मी जहाजावर एक खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच घडलं. ते लपवून नुसती देवळांची आणि समुद्राची वर्णनं लिहिली, तर वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी गोरेगावला जाऊन आक्काला विचारील आणि ती सगळं सांगून मोकळी होईल. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर मूळ गोरेगावचं, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचं. आई लवकर गेली आणि आक्कानंच मला वाढवलं. तिनं मेंढरांमागं जायचं आणि मी शाळेत, ही वाटणीही तिचीच. मी शिकलो, जवळा बाजारच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आक्का मला 'गुर्जी' म्हणते. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला अजून उलगडलेलं नाही.

२००५ साली माझ्या मुलानं, ज्ञानूनं, आम्हाला अमेरिकेत बोलावलं. तो ह्यूस्टन शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. माझ्या बायकोनं साफ सांगितलं, "हे गुडघे घेऊन मी इमानात बसत न्हाई. तुमच्या बहिणीला न्या." आक्का त्याच दिवशी तयार झाली. मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर तिला दुभाष्याकरवी विचारलं, परत येणार ना? आक्का म्हणाली, "चौदा शेळ्या हाएत घरी. तुमी सांभाळता का?" व्हिसा मिळाला.

ह्यूस्टनला ज्ञानू सकाळी सातला जायचा तो दिवेलागणीला यायचा. आम्ही दोघं खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारी बघायचो. पायी चालणारं माणूस दिसलं की आक्का मला हाक मारून दाखवायची. शेवटी ज्ञानूलाच वाईट वाटलं असावं. त्यानं आठवडाभराची रजा टाकली आणि समुद्रावरची सहल ठरवली. गॅल्व्हेस्टन बंदरातून मोठं जहाज निघतं, मेक्सिकोच्या किनाऱ्यानं जातं, मध्ये बंदरांवर थांबतं. त्यातल्या एका थांब्यावर माया लोकांची प्राचीन देवळं बघता येतात, हे ऐकल्यावर मी जवळच्या वाचनालयात जाऊन वहीभर टिपणं काढली. निवृत्त शिक्षकाच्या हाती कोरी वही लागली की असंच होतं.

जहाजावर

आमच्या जवळा बाजारचा आठवडी बाजार उचलून पाण्यावर ठेवावा आणि त्यावर नऊ-दहा मजले चढवावेत, तसं ते जहाज होतं. माणसं दिवसभर खात होती. मध्ये पोहत आणि पुन्हा खात. आक्का नऊवारी लुगड्यात, पदर खोचून, सगळ्या मजल्यांवर हिंडून आली आणि म्हणाली, "ह्या लोकायला दावणीच्या गुरावानी चारून राहिले. कापणार हाएत का काय ह्यांला?"

रात्रीच्या जेवणाला आमचं टेबल ठरलेलं होतं. तिथं आमच्याबरोबर डोना नावाच्या एक अमेरिकन बाई बसत. वय आक्काएवढंच, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, एकट्याच फिरायला निघालेल्या. बोलायला मोकळ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमची बहीण काय करते?"

'शेळ्या राखते' एवढं इंग्रजीत सांगायला मला जड नव्हतं. आयुष्यभर ते शब्द मी पोरांना फळ्यावर लिहून दिले. पण शेजारी मेणबत्ती, समोर तीन तीन काटेचमचे, कोट घातलेला वाढपी मागं उभा. माझी जीभ अडली, आणि तोंडातून निघालं की ती जनावरांची डॉक्टर आहे. वर 'फार ज्येष्ठ डॉक्टर' असंही जोडलं. त्यात लाज होती आणि थोडा खोडसाळपणाही होता. तेव्हा मला वाटलं की खोडसाळपणाच जास्त आहे.

डोनाबाई खुर्ची ओढून आक्काजवळ सरकल्या. त्यांच्या घरी बिस्किट नावाची मांजर होती. तिला अंगभर खाज सुटली होती. मी आक्काला एवढंच सांगितलं, "ह्यांच्या मांजरीला खाज सुटलीय, काय करावं म्हणून इचारतात."

आक्का म्हणाली, "घरात बसून बसून खाज सुटती. उंदीर धरू द्या म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं, "डॉक्टरांच्या मते मांजरीला व्यायामाची गरज आहे."

डोनाबाईंनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाला माणसं आमच्याकडे येऊ लागली. एका आजोबांनी त्यांच्या कुत्र्याचा फोटो दाखवला. आक्का म्हणाली, "लई लठ्ठ झालंय, भाकर कमी करा." एका बाईंनी पोपटाचा दाखवला. आक्का म्हणाली, "ह्याला बोलायला कोण हाये?" मी जमेल तसं भाषांतर करत गेलो. आक्काला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गुर्जी, ह्या लोकायला लेकरं न्हाईत का? सगळे कुत्र्या-मांजरांचेच फोटो दाखवून राहिले."

ज्ञानू तोंडावर हात ठेवून हसला आणि मला म्हणाला, "बाबा, हे तुम्हाला महागात पडणार."

चाक्चोबेन

जहाज सकाळी कोस्टा माया नावाच्या बंदराला लागलं. ज्ञानूच्या कंपनीत काहीतरी अडलं होतं आणि बंदरावर इंटरनेटचं दुकान होतं. तो म्हणाला, "तुम्ही जा, मी इथंच बसून काम उरकतो." जहाजाच्या बसमध्ये पन्नास माणसं कोंबतात म्हणून त्यानं बंदराबाहेरची एक खासगी व्हॅन ठरवून दिली. डोनाबाईंना डॉक्टरांची संगत सोडायची नव्हती, त्यामुळे त्याही आल्या. निघताना ज्ञानूनं दोनदा बजावलं, "चारला जहाज सुटतं. साडेतीनच्या आत या. जहाजाची बस असती तर ते थांबले असते. व्हॅनवाल्यांसाठी जहाज थांबत नाही."

व्हॅन चालवणारा आणि देवळं दाखवणारा माणूस एकच, रूफिनो. बुटका, रुंद चेहऱ्याचा, चाळिशीचा. आक्कानं त्याच्याकडे बघून घेतलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या सेनगावच्या जीपवाल्यावानी दिसतो." सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकं दाट रान, मध्येच अननसाची शेतं. सवा तासाचा रस्ता होता.

रूफिनो स्वतः माया होता. घरी मायाच बोलतो म्हणाला. मी त्याला विचारलं, तुमच्यात भेटल्यावर काय म्हणतात? तो म्हणाला, "बाश का वालिक. म्हणजे, तू काय म्हणतोस?"

"आणि उत्तर?"

"मिश बाआल. काही नाही."

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा आक्का सीटवर ताठ बसली. "काय म्हंता? काय न्हाई. हे तर आपलंच हाये की." मग तिनं ती दोन वाक्यं घोकून पाठ केली. बंदराला परत येईपर्यंत तिनं ती किमान तीस जणांवर वापरली, त्यात तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस आणि दोन जर्मन पोरीही आल्या.

चाक्चोबेन म्हणजे लाल मक्याचं ठिकाण. दाट झाडीतून पायवाट जाते. उंच ताडासारखी झाडं, त्यांच्या झावळ्या जमिनीला टेकलेल्या, आणि वर कुठंतरी माकडं अशी गुरगुरतात की वाघच आहे असं वाटावं. मग एकाएकी झाडी संपते, मोकळं गवत लागतं आणि समोर दगडाचा डोंगर उभा राहतो. डोंगर म्हणावा तर त्याला पायऱ्या आहेत, आणि देऊळ म्हणावं तर आत शिरायला गाभारा नाही. आमचं औंढ्याचं देऊळ डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. औंढ्याला दगडाची बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. इथं कोपरे गोल, अंगावर शेवाळ, आणि सगळा जोर उंचीवर. पण थोडा वेळ समोर उभं राहिलं की त्या उंचीचाच धाक बसतो. बोलणं आपोआप हळू होतं.

अर्थात माझं झालं नाही. मी वही काढली आणि वर्गात बोलतो तसा बोलायला लागलो, की माया लोक गणितात आणि आकाश बघण्यात पटाईत होते, आणि मग ते अचानक नाहीसे झाले.

रूफिनोनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, मी नाहीसा झालेलो नाही. आज सकाळी मुलीला शाळेत सोडून आलोय."

डोनाबाई हसल्या. आक्कानं विचारलं, "काय म्हणला?"

"तो म्हणतो, माया लोक गेले न्हाईत, हाएत."

"मंग तू काहून त्यायला मारून राहिला?"

मी वही बंद केली. ती पुढं उघडलीच नाही.

एका चौथऱ्यावर गवताचं छप्पर टाकलेलं होतं. त्याच्याखाली जुन्या लाल रंगाचे डाग जपून ठेवले होते. रूफिनो म्हणाला, एके काळी सगळं देऊळ असंच लाल होतं. आक्का जवळ जाऊन बघून आली. "शेंदूरच फासलाय की," म्हणाली, आणि कोणता देव म्हणून विचारलं. रूफिनो म्हणाला, सूर्याचा असेल, पावसाचा असेल, खात्रीनं कोणालाच माहीत नाही. आक्कानं पायऱ्यांना हात लावून कपाळाला लावला. "नाव ठाऊक नसलं तरी पाया पडता येतं," म्हणाली. तिचं बघून डोनाबाईंनीही तसंच केलं.

तेव्हा चढायला मनाई नव्हती. मघाशी वहीची शोभा झाली होती, ती भरून काढावी म्हणून मी पायऱ्या चढायला लागलो. चढताना काही वाटलं नाही. पहिल्या टप्प्यावर उभा राहून मी हातही हलवला. उतरायला वळलो तेव्हा कळलं की पायऱ्या माझ्या पावलाच्या निम्म्या रुंदीच्या आहेत आणि खाली धरायला काही नाही. पंधरा मिनिटं मी तिथंच देखावा बघत असल्याचं सोंग केलं. मग बसलो आणि बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली आलो. पँटीची मागची शिवण उसवली. खाली आक्का वाट बघत होती. ती म्हणाली, "वर जाताना गुर्जी, खाली येताना कोकरू."

फ्लोराच्या खोपीत

देवळांच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडं, गवतानं शाकारलेली एक खोपी होती. तिथं फ्लोरा नावाची बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण करून घालायची. रूफिनो तिला ओळखत होता. मक्याच्या पातळ पोळ्या हातावर थापून मातीच्या तव्यावर टाकत होती, सोबत काळ्या घेवड्याचं दाट वरण आणि वाटीत हिरवी मिरची. आक्कानं पोळी तळहातावर ठेवून बघितली. तळहातात मावत होती. "ही भाकर न्हाई, भाकरीचं लेकरू हाये," म्हणाली आणि आठ खाल्ल्या. तिनं पिशवीतून कारळाच्या चटणीची बाटली काढून फ्लोराला दिली. फ्लोरानं बोटानं चाखली, डोळे मिटले आणि बाटली फळीवर आपल्या सामानात ठेवून दिली. आक्कानं ती परत मागितली नाही.

खोपीमागं झाडाखाली जनावरं उभी होती, आखूड केसांची, तांबूस. मी डोनाबाईंना म्हणालो, या शेळ्या.

आक्का म्हणाली, "मेंढ्या हाएत. शेपूट बघ. शेळीची वर ऱ्हाती, मेंढीची खाली. इसरलास व्हय?"

रूफिनोनं तिच्या बाजूनं निकाल दिला. उष्ण मुलखातली बिनलोकरीची मेंढी, म्हणाला. जुन्या मायात मेंढीला आणि कापसाला एकच शब्द आहे, तामान. मी आक्काला सांगितलं. "मंग ह्यांच्या अंगावरचा कापूस कोणी येचून नेला?" एवढं म्हणून ती एकदम थांबली. मान वळवून ऐकायला लागली.

मला काही ऐकू आलं नाही. आक्का उठून खोपीच्या मागं गेली. आम्ही गेलो तेव्हा ती कुडाच्या सावलीला आडव्या पडलेल्या एका मेंढीजवळ बसली होती. मेंढी दात खात होती आणि मध्येच हलकं कण्हत होती. "आडलीय," आक्का म्हणाली. "सकाळपसून असंल."

फ्लोरा मागोमाग आली आणि रूफिनोशी भराभरा बोलली. त्यानं सांगितलं, मेंढी पहाटेपासून कळा देतेय, काहीच बाहेर येत नाही. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलाय, रात्रीशिवाय येत नाही. फ्लोराकडं अशा पाचच मेंढ्या होत्या.

डोनाबाईंचा चेहरा उजळला. "पण आपल्याबरोबर डॉक्टर आहे!"

रूफिनोनं ते फ्लोराला सांगितलं. फ्लोरानं आक्काकडं पाहिलं. जहाजावर खोट्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. इथं जनावर मेलं असतं. फ्लोरा बिचारी डॉक्टर समजून आक्काच्या हाती मेंढी सोपवून मोकळी झाली असती, आणि परदेशातल्या डॉक्टरनं मेंढी मारली असं गावात झालं असतं. मी आक्काजवळ बसलो आणि हळू म्हणालो, "आक्का, म्या ह्यांला सांगितलं व्हतं की तू जनावरांची डॉक्टर हायेस."

आक्का मेंढीच्या पोटावर हात ठेवून होती. तिनं वर बघितलंही नाही. "ते मागून बघू. ऊन पाणी, साबण अन तेल मागव. न्हाईतर चरबी असंल तर चरबी. अन तू पँट गुडघ्यापोतर घे, तिची मागची बाजू वर उचलून धरायची हाये."

"मी?"

"मंग काय ती पोस्टातली बाई धरंल?"

शेवटची मेंढी मी धरली होती ती चड्डीत असताना. फ्लोरानं डुकराच्या चरबीचा डबा आणि पाणी आणलं. आक्कानं पाटल्या काढून माझ्या खिशात टाकल्या, कोपरापर्यंत हात धुतला, चरबी लावली. मी मेंढीचे मागचे पाय उचलून माझ्या मांड्यांवर घेतले. आक्का डोळे मिटून हातानं बघत होती. हे तिचं मी लहानपणी पाहिलेलं होतं. ती अशी डोळे मिटायची तेव्हा मी श्वास रोखायचो. त्या दिवशीही रोखला.

"एक पाय म्होरं हाये, दुसरा मागं," ती म्हणाली. "मुंडकं पाठीकडं वळून बसलंय. ओढलं तर मोडंल. आधी मागं लोटावं लागंल. वर धर अजून."

मी धरली. डोनाबाई समोर आल्या आणि काही न विचारता त्यांनी मेंढीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. त्यांच्या पांढऱ्या विजारीची पुढं काय अवस्था झाली ते लिहीत नाही. आक्का कळ आली की थांबायची, कळ ओसरली की आत सरकायची. तोंडानं ती मेंढीशी सारखं बोलत होती. "बाश का वालिक, माय? काय म्हंतीस? जरा दम धर." फ्लोरा ओंजळीत तोंड लपवून रडत होती, ती यानं हसली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदम आक्का म्हणाली, "आलं," आणि खालच्या अंगानं ओढत कोकरू बाहेर काढलं. ते निपचित होतं. तिनं बोटानं त्याचं तोंड पुसलं, नाकावरचं पुसलं, मागचे पाय धरून एक झोका दिला, पुन्हा खाली ठेवलं. काही नाही. मग तिनं गवताची काडी उचलून त्याच्या नाकपुडीत घातली आणि फिरवली. कोकरू शिंकलं.

रूफिनोनं टोपी काढली. डोनाबाई रडायला लागल्या. मी मेंढी खाली ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोन वाजून गेले होते. मी म्हणालो, "चल आक्का, उठ, जहाज जाईल."

आक्कानं मेंढीच्या पोटावर पुन्हा हात ठेवला. "अजून एक हाये आत."

"ती आता आपली आपण व्याली तर?"

"तिच्यात जोर ऱ्हायला का?" आक्का म्हणाली. "तू जा. म्या येते मागून."

कशी येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी पुन्हा पाय उचलून धरले. रूफिनो जाऊन व्हॅन वळवून, दार उघडं ठेवून आला. दुसरं कोकरू सरळ होतं. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडलं, आणि पडल्या पडल्या ओरडलं.

फ्लोरानं फडक्यात बांधून पोळ्यांची चवड आक्काच्या हातात दिली आणि तिचे दोन्ही हात धरून मायात काहीतरी बोलली. आक्का मराठीत बोलली. कोणीच भाषांतर केलं नाही. शेवटी फ्लोरानं विचारलं, "बाश का वालिक?" आणि आक्का म्हणाली, "मिश बाआल."

परतीचा रस्ता

रूफिनोनं व्हॅन जी सोडली, ती आमच्या हिंगोलीच्या जीपवाल्यांनीही मान डोलवावी अशी. मी डोनाबाईंना सगळं खरं सांगितलं. ती डॉक्टर नाही, कधी शाळेतही गेली नाही, शेळ्या-मेंढ्या राखते, आमचं सगळं घरच मेंढपाळाचं, आणि मी खोटं बोललो.

डोनाबाई विजारीवरचे डाग पुसत होत्या. म्हणाल्या, "मला दुसऱ्याच दिवशी शंका आली होती. डॉक्टर प्रत्येक वेळी काहीतरी औषध लिहून देतो. तुमच्या बहिणीनं एकदाही दिलं नाही. पण बिस्किटचं तिनं बरोबर ओळखलं, म्हणून गप्प बसले." मग म्हणाल्या, "तुम्ही शिक्षक आहात, ते तरी खरं ना?"

आक्कानं विचारलं, "काय बोलून राहिले?"

मी सांगितलं. ती पोळी चावत होती. बाहेर अननसाची शेतं मागं पळत होती. "लाज वाटली व्हय मही?" तिनं विचारलं. आवाज सरळ होता. रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला.

"वाटली थोडी."

तिनं हातातली पोळी संपवली. मग म्हणाली, "मला बी वाटली व्हती एक डाव. तुला शाळेत घालायला नेलं तवा. गुर्जीनं इचारलं, पोराचा बाप काय करतो? म्या म्हणले, पाटील हाये."

हे मला नवीन होतं. "मग?"

"मंग काय. गुर्जी म्हणले, पाटलाच्या पोराच्या चड्डीला मेंढराचा वास काहून येऊन राहिला?"

ती हसायला लागली आणि थांबेना. मीही हसलो. मग खिडकीबाहेर बघत बसलो.

बंदराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेतीन उलटून गेले होते. पुढं समुद्रात शिरलेला लांबलचक धक्का आणि त्याच्या टोकाला जहाज. आम्ही पळालो. सगळ्यात पुढं आक्का, पदर कमरेला खोचून, लुगड्यावर रक्ताचे आणि चरबीचे डाग घेऊन. तिच्यामागं डोनाबाई, आणि सगळ्यात मागं, उसवलेल्या पँटीवर हात धरून, मी. जहाजाच्या वरच्या मजल्यांवर माणसांची दाटी झाली होती. उशिरा पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवून चिडवायची तिथं पद्धत आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आक्काला वाटलं, मेंढीची बातमी इथवर पोचली. ती मध्येच थांबली, जहाजाकडं तोंड करून दोन्ही हात जोडले, आणि मग पुन्हा पळायला लागली. वरच्या टाळ्या दुप्पट झाल्या. जिन्याशी उभा असलेला माणूस घड्याळ दाखवत होता. आम्ही चढलो आणि मागोमाग त्यांनी जिना काढून घेतला.

ज्ञानू दाराशीच होता. चेहरा पांढरा पडला होता. आधी त्यानं आत्याला धरून तिच्या अंगावर कुठं लागलंय का ते बघितलं. रक्त तिचं नाही हे कळल्यावर त्याचा आवाज चढला. "आत्या, जहाज गेलं असतं तर? तिथं परक्या मुलखात काय केलं असतं तुम्ही?"

आक्का पाटल्या हातात चढवत होती. "ऱ्हायले असते. मेंढरं हाएत, मक्याची भाकर हाये, सकाळी उठलं की काय म्हंता म्हणून इचारणारी माणसं हाएत. तुह्या हुस्टनात काय हाये?"

आम्ही खोलीत गेलो. आंघोळी झाल्या. खोली आवरणाऱ्या माणसानं त्या दिवशी गंमत म्हणून पलंगावर पांढऱ्या टॉवेलच्या घड्या घालून एक जनावर करून ठेवलं होतं. ससा होता का कुत्रा, सांगता येत नव्हतं. ज्ञानू त्याच्याशेजारी बसला. त्याचा मोबाइल वाजला. त्यानं नाव बघून तो उशीखाली सारला.

"आत्या," तो म्हणाला, "मुंडकं पाठीकडं वळलं होतं म्हणजे नेमकं कसं होतं?"

आक्कानं एक डाव त्याच्याकडं नीट बघितलं. मग पलंगावर मांडी घालून बसली, ते टॉवेलचं जनावर पुढ्यात ओढलं, त्याच्या सगळ्या घड्या मोडल्या आणि नव्यानं घालायला लागली. पुढचा एक पाय सरळ, एक मागं, मान वळवून पाठीवर.

"हात आण," ती म्हणाली. "डोळे मीट. आता सांग, मुंडकं कुठंय?"

ज्ञानूनं डोळे मिटले.